ताईची ओनो : मोटारीच्या कारखान्यातून औषधाच्या खिडकीपर्यंत

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आलेला माणूस साधारण तीन रांगा करतो. पहिली केसपेपरची, दुसरी डॉक्टरांची आणि तिसरी औषधाची. तिसऱ्या रांगेत तो उभा राहतो तेव्हा तपासणी झालेली असते, औषध ठरलेलं असतं. फक्त गोळ्या हातात पडायच्या बाकी असतात. तरीही सर्वांत जास्त चिडचिड बहुधा याच रांगेत होते. खिडकीच्या आत फार्मासिस्टला मान वर करायला फुरसत नसते आणि बाहेर रांग जागची हलत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी तिथंच बुडते. एखादी आजीबाई शेवटी औषध न घेताच एसटी गाठायला निघून जाते.

आत सगळे राबत आहेत आणि बाहेर सगळे खोळंबले आहेत, असं एकाच वेळी कसं होतं? या कोड्यावर आयुष्य घालवलेला माणूस डॉक्टर नव्हता, फार्मासिस्टही नव्हता. जपानमधल्या मोटारीच्या कारखान्यातला तो यंत्र अभियंता होता. त्याचं नाव ताईची ओनो. आज जगभरातल्या रुग्णालयांत औषध वाटपातला वेळ आणि नासाडी कमी करण्यासाठी ज्या पद्धती वापरल्या जातात, त्यातल्या बऱ्याच पद्धतींचं मूळ ओनो यांनी टोयोटाच्या कारखान्यात केलेल्या प्रयोगांत आहे.

सूत गिरणीतला पहिला धडा

ओनो यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९१२ रोजी चीनच्या मांचुरिया भागातल्या दालियान या बंदरात झाला. हे शहर तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. पुढे जपानमध्ये नागोया इथल्या तांत्रिक शिक्षणसंस्थेतून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं आणि १९३२ मध्ये ते टोयोडा घराण्याच्या सूत गिरणीत नोकरीला लागले. तो जागतिक मंदीचा काळ होता. नोकरी मिळणं हीच मोठी गोष्ट होती.

या घराण्याचा संस्थापक साकिची टोयोडा दोन वर्षांपूर्वीच वारला होता. पण त्याने घडवलेले स्वयंचलित माग गिरणीत होते. १९२४ साली तयार झालेल्या या मागाचं वैशिष्ट्य वेगापेक्षा वेगळ्याच गोष्टीत होतं. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत साध्या यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला याचं मोल लगेच कळेल. ताण्याचा एखादा धागा तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर माग चालतच राहतो आणि वारच्या वार कापड सदोष निघतं. म्हणून मागाशेजारी माणूस राखणदारासारखा उभा करावा लागतो. साकिचीच्या मागाने ही राखण संपवली. चूक झाली की काम तिथंच थांबायचं, त्यामुळे एक कामगार अनेक माग सांभाळू शकायचा.

ओनो यांच्या मनात ही गोष्ट पक्की बसली. चूक पुढे ढकलणं म्हणजे नासाडीला पाय फुटणं. ती जिथं झाली तिथंच अडवली तर एकदाच निस्तरावी लागते.

औषधाच्या खिडकीवर हाच धडा रोज समोर येतो. चिठ्ठीवर गोळीची मात्रा लिहायची राहिली आहे किंवा अक्षर लागत नाही. ही चूक डॉक्टरांच्या टेबलावर झालेली असते, पण ती उघडी पडते तासाभराने, खिडकीशी. मग रुग्ण परत डॉक्टरांकडे जातो, तिथली रांग मोडून आत शिरतो, सही घेऊन पुन्हा खिडकीशी येतो. एका राहिलेल्या आकड्यामुळे तीन माणसांचं काम खोळंबतं आणि मागची रांग थांबते ती वेगळीच. चिठ्ठी ओपीडीच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी तपासली गेली, तर हीच दुरुस्ती अर्ध्या मिनिटात होते.

एकास नऊ

गिरणीत असतानाच, १९३७ च्या सुमारास, ओनो यांच्या कानावर एक हिशेब आला. एका अमेरिकी कामगाराइतकं काम करायला नऊ जपानी कामगार लागतात, असा तो हिशेब होता. ओनो यांना तो खटकला. अमेरिकी माणूस नऊपट ताकदीने हात चालवत असेल, हे शक्यच नव्हतं. म्हणजे जपानी माणसाच्या कामातला बराच भाग कशात तरी वाया जात असला पाहिजे. तो शोधून काढला तर तेवढ्याच माणसांत कितीतरी जास्त काम होईल. त्यांच्या पुढच्या सगळ्या विचाराची सुरुवात इथून झाली.

१९४३ मध्ये ते टोयोटाच्या मोटार कंपनीत आले. दोन वर्षांनी युद्ध संपलं. जपान बेचिराख झाला होता, कच्चा माल नव्हता, पैसा नव्हता. कंपनीचे प्रमुख किइचिरो टोयोडा यांनी मात्र तीन वर्षांत अमेरिकेला गाठायचं लक्ष्य समोर ठेवलं. हवी ती वस्तू, हवी तेव्हा, हवी तेवढीच, ही कल्पनाही त्यांचीच. ती प्रत्यक्षात कशी आणायची, हे शोधण्याचं काम ओनो यांच्या वाट्याला आलं.

१९४७ मध्ये कोरोमोच्या कारखान्यात यंत्रशाळा सांभाळताना त्यांनी एक साधी गोष्ट टिपली. प्रत्येक यंत्रापाशी एक कामगार होता. यंत्र धातू कापत असताना तो नुसता बघत उभा राहायचा. तो आळशी नव्हता, कामाची रचनाच तशी होती. ओनो यांनी यंत्रं समोरासमोर किंवा काटकोनात मांडली आणि एकाच माणसाकडे दोन यंत्रं दिली, पुढे तीन-चार. कसबी कामगारांनी जोरदार विरोध केला. आयुष्यभर एकाच यंत्रावर हात बसवलेल्या माणसाला दुसरं यंत्र शिकणं म्हणजे कसबाचा अपमान वाटत होता. ओनो यांनी घाई केली नाही. थोडं बदलायचं, पाहायचं, पुन्हा बदलायचं, असं वर्षानुवर्षं चाललं.

१९५० चा संप

१९४९ मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. न विकलेल्या गाड्या पडून होत्या आणि पगाराला पैसे नव्हते. बँकांनी कर्ज दिलं, पण नोकरकपातीच्या अटीसह. १९५० मध्ये मोठा संप झाला. शेवटी दीड हजाराहून अधिक लोकांना कंपनी सोडावी लागली आणि जबाबदारी स्वीकारून किइचिरो यांनीही पद सोडलं. त्यानंतर काही दिवसांतच कोरियाचं युद्ध पेटलं. अमेरिकी सैन्याकडून मालमोटारींची मागणी आली आणि कंपनी तरली.

या घटनेतून कंपनीने आणि ओनो यांनी दोन गोष्टी घेतल्या. खप नसताना केलेलं उत्पादन हीच सर्वांत मोठी नासाडी, कारण ते साठवायला जागा, सांभाळायला माणसं आणि अडकवायला पैसा लागतो. आणि मागणी परत आली तरी भराभर माणसं भरायची नाहीत, आहेत त्या माणसांच्या कामातलं वाया जाणारं कमी करायचं.

रुग्णालयाच्या औषध भांडारात या पहिल्या गोष्टीचं प्रतिबिंब दिसतं. एखादं औषध संपेल या भीतीने गरजेपेक्षा कितीतरी जास्त मागवलं जातं. कपाटं भरतात, मागचे खोके मागेच राहतात आणि एक दिवस त्यांची मुदत संपते. त्याच वेळी शेजारच्या फळीवर रोज लागणारी मधुमेहाची गोळी संपलेली असते. साठा भरपूर, तरी हवं ते औषध नाही, अशी ही विचित्र टंचाई. जास्त साठा म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज ओनो यांनी कारखान्यात खोडून काढला होता. ढिगामुळे अडचणी झाकल्या जातात, सुटत नाहीत, असं त्यांचं निरीक्षण होतं.

किराणा दुकानाची फळी

मग हवं तेवढंच, हवं तेव्हा कसं पोहोचवायचं? याचं उत्तर ओनो यांना मोटारीच्या कारखान्यात मिळालं नाही. अमेरिकेत नव्या धर्तीची मोठी किराणा दुकानं निघाली आहेत, गिऱ्हाईक स्वतः फळीवरून हवं ते उचलतं आणि रिकामी झालेली जागा दुकानदार भरून ठेवतो, अशी माहिती त्यांच्यापर्यंत आली होती. त्यांनी ही कल्पना कारखान्यात उलटी वापरली. आधीच्या टप्प्याने माल बनवून पुढे ढकलायचा नाही. पुढच्या टप्प्याने मागे जाऊन हवा तेवढाच उचलायचा, आणि जेवढा उचलला गेला तेवढाच पुन्हा बनवायचा. १९५३ मध्ये यंत्रशाळेत ही पद्धत सुरू झाली. १९५६ मध्ये ते अमेरिकेला गेले, जनरल मोटर्स आणि फोर्डचे कारखाने पाहिले, पण त्यांच्यावर खरी छाप पडली ती तिथल्या किराणा दुकानांचीच.

निरोपासाठी त्यांनी एक कार्ड वापरलं. कुठला भाग, किती, कुठून कुठे, एवढंच त्यावर लिहिलेलं. जपानीत पाटी किंवा फलकाला कानबान म्हणतात, तेच नाव कार्डाला पडलं. भाग वापरला की कार्ड मागे जायचं. कार्ड आलं तरच पुढचा माल बनवायचा, नाहीतर हात बांधून बसायचं. हात बांधून बसणं सुरुवातीला कुणालाच पटेना. कारखान्यातले लोक ही ओनोंचीच विक्षिप्त पद्धत आहे, असं म्हणून नाकं मुरडत. वरच्या पदावर असलेले एइजी टोयोडा पाठीशी उभे राहिले म्हणून प्रयोग टिकला. १९६२ पर्यंत कानबान संपूर्ण कंपनीत लागू झालं होतं.

आज अनेक रुग्णालयांत औषधाच्या फळीवर याचं सोपं रूप दिसतं. एकाच गोळीचे दोन डबे ठेवायचे. पुढचा डबा संपला की मागचा पुढे घ्यायचा आणि रिकाम्या डब्यावरचं कार्ड भांडाराकडे पाठवायचं. दुसरा डबा संपेपर्यंत नवा माल येतो. आठवड्याच्या ठरावीक दिवशी अंदाजाने भरलेल्या मागणीपत्राऐवजी प्रत्यक्ष वापरच मागणी नोंदवतो. डबा केवढा असावा, हे मात्र हिशेबानेच ठरवावं लागतं. भांडारातून माल यायला किती दिवस लागतात, त्या दिवसांत किती गोळ्या लागतात आणि साथीच्या दिवसांत किती वाढतात, हे पाहून. शिवाय आधी मुदत संपणारी पाकिटं पुढे ठेवायची. इतकं केलं तर मुदतबाह्य औषधांचा ढीग आणि रिकामी फळी, दोन्ही एकदमच कमी होतात.

वीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा

ओनो यांची सर्वांत अवघड लढाई गठ्ठ्याशी होती. पत्र्याला आकार देणाऱ्या दाबयंत्राचा साचा बदलायला १९४० च्या दशकात दोन-तीन तास लागत. म्हणून एकदा साचा बसवला की हजारो नग काढून ठेवायचे, हीच सगळीकडची रीत होती. ओनो यांनी साचा बदलण्याचा वेळच कमी करायला लावला. १९५० च्या दशकात तो तासाच्या आत, कधी पाव तासावर आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो तीन मिनिटांपर्यंत उतरला. या कामात सल्लागार शिगेओ शिंगो यांचाही मोठा वाटा होता. साचा झटपट बदलू लागल्यावर थोडे थोडे नग काढणं परवडू लागलं.

गठ्ठ्याने काय होतं, ते औषधाच्या खिडकीवर हिशेब मांडून पाहता येतं. समजा, तीन माणसं आहेत. एक चिठ्ठीची नोंद करतो, दुसरा फळीवरून औषध काढतो, तिसरा तपासून रुग्णाला देतो. प्रत्येकाला एका चिठ्ठीमागे एक मिनिट लागतं. वीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा करून काम केलं तर पहिली वीस मिनिटं नोंदीत जातात, पुढची वीस औषध काढण्यात. पहिल्या रुग्णाच्या हाती औषध पडतं एकेचाळिसाव्या मिनिटाला आणि विसाव्याच्या हाती साठाव्या. तीच चिठ्ठी एकेक करून पुढे दिली तर पहिला रुग्ण तिसऱ्या मिनिटाला मोकळा होतो आणि विसावा बाविसाव्या. माणसं तीच, हात तेवढेच वेगाने चालतात, नवीन यंत्र नाही. वाया जात होता तो वेळ चिठ्ठीच्या ट्रेमध्ये पडून राहण्याचा.

आत सगळे राबत असताना बाहेर रांग का हलत नाही, याचं एक मोठं उत्तर इथं आहे. माणसं थांबलेली नसतात, चिठ्ठ्या थांबलेल्या असतात.

वाया जाण्याचे सात प्रकार

वाया जाण्याला जपानीत मुदा म्हणतात. ओनो यांनी मुदाचे सात प्रकार सांगितले. ते कारखान्यासाठी होते, पण औषधाच्या खिडकीवर एकेक करून ताडून पाहता येतात.

पहिला, गरजेपेक्षा जास्त बनवणं. चिठ्ठी येण्याआधीच शेकडो पुड्या बांधून ठेवायच्या आणि मात्रा बदलली की त्या सोडायच्या.

दुसरा, वाट पाहणं. रुग्णाची तर असतेच, पण फार्मासिस्टचीही असते. कधी संगणक उघडण्याची, कधी कपाटाची किल्ली असलेल्या माणसाची.

तिसरा, वस्तूंची ने-आण. भांडार एका इमारतीत, खिडकी दुसरीत, आणि खोके रोज जिना चढतात-उतरतात.

चौथा, कामातच भरलेलं जास्तीचं काम. एकच नोंद आधी वहीत, मग संगणकात, मग महिन्याच्या तक्त्यात.

पाचवा, साठा. सहावा, माणसाची हालचाल. सर्वांत जास्त खपणारी गोळी सर्वांत लांबच्या फळीवर असेल, तर दिवसभराच्या फेऱ्या मोजून पाहाव्यात.

सातवा, सदोष काम. चुकीची मात्रा, चुकीची पुडी. कारखान्यात याची किंमत पैशांत मोजतात, इथं ती जिवावर बेतू शकते.

सगळ्यांत वाईट ओनो पहिल्या प्रकाराला मानत, कारण बाकीचे बरेच प्रकार त्याच्या पोटातून निघतात.

मात्र जे काम वेळ खातं ते सगळं वाया, असा याचा अर्थ नाही. लहान मुलाच्या औषधाची मात्रा दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत कोणतं औषध चालत नाही हे पाहणं, यात वेळ जातो. पण तो रुग्णासाठीच जातो. नेमकं काय कापायचं आणि काय जपायचं हे ज्याला कळलं नाही, त्याच्या हातात ही यादी पडली तर रोगापेक्षा इलाज भयंकर ठरू शकतो.

खडूचं वर्तुळ

ओनो यांच्या हाताखाली घडलेले लोक पुढे त्यांची एक सवय सांगत. नव्या अभियंत्याला ते कारखान्यात नेत, जमिनीवर खडूने वर्तुळ काढत आणि त्यात उभं राहायला सांगून निघून जात. कित्येक तासांनी परत आल्यावर काय दिसलं ते विचारत. उत्तर पटलं नाही तर आणखी उभं राहायचं. ते कडक होते आणि त्यांच्या रागाची कारखान्यात धास्ती होती. पण वर्तुळाचा उद्देश शिक्षा हा नव्हता. कागदावरच्या आकड्यांत जे दिसत नाही ते जागेवर उभं राहिल्यावर दिसतं, हे त्यांना अंगात मुरवायचं होतं.

दुसरी सवय होती पाच वेळा का विचारण्याची. यंत्र बंद पडलं, कारण फ्यूज उडाला. फ्यूज का उडाला? बेअरिंगला वंगण कमी पडून भार वाढला. वंगण का कमी पडलं? पंप नीट ओढत नव्हता. तो का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? जाळी नसल्यामुळे धातूचा कीस आत गेला होता. पहिल्याच उत्तरावर थांबलं असतं तर फ्यूज बदलला गेला असता आणि काही दिवसांनी पुन्हा उडाला असता.

औषधाच्या रांगेबाबतही बहुधा पहिल्याच उत्तरावर थांबलं जातं. रांग आहे, म्हणजे खिडक्या कमी आहेत, एक खिडकी वाढवा. कधी तेच बरोबर असतं. पण खडूच्या वर्तुळात उभं राहिलं तर कदाचित वेगळंच दिसेल. गर्दी अकरा ते एक या दोन तासांतच आहे, कारण सगळ्या विभागांची ओपीडी एकाच वेळी संपते. किंवा निम्मी रांग रक्तदाब आणि मधुमेहाच्या जुन्या रुग्णांची आहे आणि ती दर आठवड्याला येते, कारण त्यांना एकाच आठवड्याच्या गोळ्या मिळतात. प्रकृती स्थिर असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने महिन्याच्या गोळ्या दिल्या तर हीच माणसं महिन्यातून एकदाच रांगेत दिसतील. नवी खिडकी न उघडता रांग आखूड होईल.

दुसरी बाजू

ओनो यांच्या पद्धतीवर टीकाही झाली आणि ती पोकळ नव्हती. टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबलेले पत्रकार सातोशी कामाता यांनी १९७३ मध्ये त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. पट्ट्याच्या वेगाबरोबर धावताना माणूस कसा पिळून निघतो, हे त्यात आहे. वाया जाणारा वेळ काढून टाकता टाकता श्वास घेण्याचा वेळही काढला जाऊ शकतो. ज्या रुग्णालयात दोन माणसांचं काम एक फार्मासिस्ट करतो, तिथं ही पद्धत माणसं आणखी कमी करण्याचं निमित्त झाली, तर चुका वाढतील आणि त्या रुग्णाला भोगाव्या लागतील.

साठ्याची गोष्टही तशीच. २०११ मध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आल्यावर पुरवठा तुटला आणि टोयोटाची अडचण झाली. त्यानंतर कंपनीने इलेक्ट्रॉनिक चिपसारख्या भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला पुरवठादारांना सांगितलं. म्हणजे कमी साठ्याचं माहेरघर असलेल्या कंपनीनेही कुठे हात आखडायचा नाही, हे ठरवलं. सर्पदंशावरचं प्रतिविष, इन्सुलिन, झटक्यांवरची औषधं यांच्या फळीला हाच न्याय लागू आहे. तिथं शिल्लक राहणं परवडतं, संपणं परवडत नाही.

ओनो यांच्यानंतर

१९७३ च्या तेलसंकटात जपानी उद्योग कोलमडत असताना टोयोटा इतरांपेक्षा लवकर सावरली. तेव्हा कुठे बाकीच्यांचं लक्ष या पद्धतीकडे गेलं. ओनो १९७५ मध्ये कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्ष झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांचं टोयोटाच्या उत्पादन पद्धतीवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. दहा वर्षांनी ते इंग्रजीत आलं. २८ मे १९९० रोजी टोयोटा शहरात त्यांचं निधन झालं. कोरोमो गावाचंच नाव तोवर कंपनीवरून टोयोटा झालेलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका पुस्तकाने ही पद्धत लीन या नावाने जगभर पोहोचवली.

रुग्णालयात ती रुजलेली ओनो यांनी पाहिली नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल इथल्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे प्रमुख २००२ मध्ये जपानला गेले, तिथल्या कारखान्यांत उभे राहून काम पाहिलं आणि परत येऊन आपल्या रुग्णालयात तेच तपासायला लागले. रुग्ण कुठे थांबतो, कागद कुठे अडतो, औषध किती हातांतून जातं. रुग्ण म्हणजे मोटार नव्हे, असा आक्षेप तिथंही आला. आक्षेप बरोबर होता. पण थांबून राहिलेली चिठ्ठी आणि थांबून राहिलेला सुटा भाग यांत फारसा फरक नव्हता.

वाचलेल्या वेळाचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न मात्र रुग्णालयालाच सोडवावा लागतो. कारखान्यात वाचलेल्या मिनिटांतून आणखी गाड्या निघतात. औषधाच्या खिडकीवर त्या मिनिटांचा दुसरा उपयोग आहे. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, कोणती मध्येच बंद करायची नाही, हे शांतपणे सांगण्याचा. आज रांग मोठी असली की सर्वांत आधी हेच बोलणं गाळलं जातं. मग घरी जाऊन चुकीच्या वेळी घेतलेली किंवा अर्ध्यावर सोडलेली गोळी ही सर्वांत महागडी नासाडी ठरते, आणि ती कुठल्याही स्टॉक रजिस्टरमध्ये दिसत नाही.